मोठ्या बोअरच्या रायफलीचं साफसफाईचं सामान: नावावर नको, मापावर शोधा

पॉइंट २२ आणि ३०८ वाल्यांचं बरं असतं. कुठलाही क्लीनिंग किट उघडा, त्यांच्या मापाचा ब्रश, जॅग (चिंधी टोचून नळीतून ढकलायचा टोकदार ठोकळा), चिंध्या सगळं आत असतंच. पण नळी एकदा का ११-१२ मिलिमीटरच्या पुढे गेली, म्हणजे .४५-७०, मार्टिनी-हेन्री, .५७७ स्नायडर, .५० बीएमजी, .६०० नायट्रो असली धुडं, की किटच्या डब्यावर "युनिव्हर्सल" लिहिलेलं असतं आणि आतला सगळ्यात मोठा ब्रश नळीत नुसता खुळखुळतो. मग माणूस रायफलीचं नाव टाकून शोधत बसतो, काही मिळत नाही, मिळालं तर अव्वाच्या सव्वा, आणि शेवटी काठीला फडकं गुंडाळून काम उरकतो. मीपण हे केलंय, आणि ते फडकं नळीत अडकवूनही बसलोय, ते पुढे सांगतो.

तर पहिली गोष्ट, रायफलीचं नाव विसरा. तुम्हाला तीन आकडे हवेत: नळी आतून किती मिलिमीटर, गजाला (ब्रश-जॅग लावून नळीत ढकलायच्या सळीला) आटे कुठले, आणि गज किती लांब. हे तीन कागदावर लिहिलेत की निम्मं सामान भलत्याच कप्प्यात आयतं मिळतं आणि उरलेलं ड्रिल मशीन आणि कानशीवर घरी होतं.

नावावर का जायचं नाही ते बघा. .४०४ जेफरी आणि .४१६ रिग्बी, नावावरून कोणाची नळी मोठी वाटते? रिग्बीची ना? पण रिग्बीची गोळी .४१६ इंच आणि जेफरीची .४२३. .६०० नायट्रोची गोळी .६२०, .५०० नायट्रोची .५१०. मार्टिनीच्या .५७७/४५० मधला ५७७ वाचून कोणी .५८ चा जॅग आणला तर तो नळीच्या तोंडातच जाणार नाही, कारण ५७७ हा मूळ काडतुसाचा आकडा आहे, नळी ४५० ची. जुन्या लोकांनी नावं कशी ठेवली हा वेगळाच विषय आहे, आपण व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) काढायचा.

माप घ्यायच्या आधी, सांगायची गरज नसावी पण सांगतो, रायफल रिकामी आहे ना ते डोळ्यांनी बघा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या मागच्या जागेत) बोट घाला, बोल्ट काढता येत असेल तर काढून बाजूला ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ठासणीची बंदूक असेल तर डोळ्यांनी कळत नाही, तिथे गज नळीत पूर्ण सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, गज बाहेर काढून, खूण तोंडापाशी ठेवून नळीच्या बाजूला धरायचा आणि गजाचं टोक पार ब्रीचपर्यंत (नळीच्या मागच्या बंद टोकापर्यंत) पोचतं का ते बघायचं. दोन-तीन इंच कमी भरलं तर आत काहीतरी बसलंय, कदाचित जुना बार, आणि मग साफसफाई नाही, आधी जाणकाराकडे. कोणाच्या घरात पिढ्यान्पिढ्या भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, "आजोबांच्या वेळेपासून रिकामीच आहे" यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

आता माप. व्हर्निअरचे आतले जबडे नळीच्या तोंडात हलक्या हाताने घालून उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजा. नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यांच्यामधले ते उंचवटे. जॅगसाठी हेच माप लागतं. ब्रशसाठी खाचांच्या तळापर्यंतचं माप लागतं, ते साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जास्त असतं, .५० बीएमजीत उंचवट्यांवर १२.७ आणि खाचांत १२.९५ च्या आसपास. एक गोची आहे, खाचांची संख्या विषम असेल, मार्टिनी-हेन्रीत सात आहेत, जुन्या एनफिल्ड ठासणीत तीन, तर उंचवट्यासमोर खाच येते आणि व्हर्निअर काहीतरी अधलंमधलं सांगतो. मग सरळ शाळेतली युक्ती, जाड कागदाची सुरळी नळीत सोडायची, ती आत फुलू द्यायची, टोक चिकटपट्टीने पक्कं करून ओढून काढायची आणि बाहेरून मोजायची. दशांशाचा खेळ नाही जमणार पण जॅग बनवायला पुरतं.

आता शोधाशोध. मोठ्या रायफलींचं सामान रायफलीच्या कप्प्यात कमी आणि शॉटगनच्या, ठासणीच्या आणि पिस्तुलाच्या कप्प्यात जास्त असतं. हा तक्ता माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय, तोच इथे बोलून दाखवतो. .४१० ची नळी १०.४ मिमी, ३२ बोअरची १३.४, २८ बोअरची १४, २४ बोअरची १४.७, २० बोअरची १५.६, १६ बोअरची १६.८ आणि बारा बोअरची १८.५. ब्रश नळीपेक्षा थोडा मोठाच हवा असतो, तार वाकून घासली पाहिजे, म्हणून .५० ला ३२ किंवा २८ बोअरचा ब्रश बसतो, २८ चा सुरुवातीला जरा घट्ट जातो पण दहाबारा फेऱ्यांत सरळ होतो. .५७७ ला २४ चा शोधत बसू नका, तो फारसा दिसत नाही, २० चा घ्या. .६०० ला १६ चा. .४५-७० ला तर .४५ पिस्तुलाचा ब्रशच चालतो, आखूड असतो एवढंच, फेऱ्या जास्त माराव्या लागतात. मार्टिनीलाही तोच चालवतात पण तिच्या खाचा खोल, गोळी .४६ च्या वरची, त्यामुळे नवाकोरा ब्रश असेल तरच तळाला पोचतो, वापरून मऊ झालेला नुसता फिरून येतो.

जॅगसाठी ठासणीवाल्यांकडे जा. त्यांच्याकडे .४५, .५०, .५४, .५८ ही रोजची मापं आहेत. .५० चा ठासणीचा जॅग .५० च्या कुठल्याही रायफलीत चालतो, नळीला काय माहीत बार तोंडातून भरलाय की मागून. .५८ चा जॅग .५७७ मध्ये पातळ चिंधीवर जातो.

आणि चेंबर. .५० बीएमजीच्या चेंबरला स्पेशल ब्रश म्हणून जे मिळतं ते बघून मला हसू येतं, कारण त्या काडतुसाचा बुंधा २०.४ मिमी आहे आणि बारा बोअरचं चेंबरही २० च्याच आसपास. बारा बोअरचा चेंबर ब्रश घ्या, काम झालं. फक्त .५० च्या काडतुसाची पुंगळी ९९ मिमी लांब, म्हणून ब्रश आत-बाहेर करून पूर्ण खोली घ्यायची, आणि पुढच्या निमुळत्या मानेसाठी २० बोअरचा लोकरीचा मॉप.

ब्रश हातात आला की खिशातला लोहचुंबक लावून बघा. पिवळा दिसतो म्हणजे ब्राँझ असतोच असं नाही, लोखंडी तारेवर पिवळा मुलामा दिलेले ब्रश बाजारात भरपूर आहेत. मधला पिळाचा दांडा चिकटला तर एकवेळ ठीक, बऱ्याच चांगल्या ब्रशांचाही तो पोलादी असतो, पण केसच चुंबकाकडे झुकले तर तो ब्रश गंज काढायला ठेवा, नळीत नको. बॉयलरच्या आणि कंडेन्सरच्या ट्यूब साफ करायचे नायलॉनचे ब्रश मात्र चांगले निघतात, १२-१४ मिमीत मिळतात, फक्त पुढे तारेचं बोडकं टोक असतं त्यावर हीट श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) तुकडा चढवून टाका, नाहीतर तेच टोक नळीत ओरखडे काढत जाईल.

आता आट्यांचा घोळ, इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. अमेरिकन पद्धतीच्या रायफल-पिस्तुलाच्या ब्रशला ८-३२ चे आटे असतात (पहिला आकडा जाडीचा, दुसरा इंचाला किती आटे त्याचा), व्यास ४.१७ मिमी. शॉटगनच्या ब्रशला ५/१६-२७, व्यास जवळजवळ ८ मिमी. ठासणीच्या जॅगला बहुतेक १०-३२, कधी ८-३२. युरोपियन सामानात एम ४, एम ५. म्हणजे तुम्ही २८ चा ब्रश आणलात आणि गज रायफलीचा आहे तर मध्ये अ‍ॅडाप्टर लागणारच. तो विकतच घ्या. मी घरी बनवायला गेलो होतो, तेव्हा कळलं की ५/१६ चा टॅप सगळीकडे १८ किंवा २४ आट्यांचा मिळतो, २७ चा हा फक्त बंदुकवाल्यांचाच लाड आहे, त्यासाठी वेगळा टॅप मागवण्यापेक्षा तो चिमुकला पितळी अ‍ॅडाप्टर शंभर पटीने सोपा.

एम ४ चा स्क्रू ८-३२ मध्ये दीड-दोन आटे जातो आणि मग घट्ट होतो, माणसाला वाटतं बसला. नाही बसला. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७ आणि ०.७९, जुळतच नाही, जोर लावाल तर दोन्हीचे आटे जातील. १०-३२ आणि एम ५ ची गंमत वेगळी आहे, दोघांचं पिच जवळजवळ सारखं, ०.७९ आणि ०.८, त्यामुळे १०-३२ चा जॅग एम ५ च्या भोकात मजेत फिरत जातो, पण व्यास थोडा कमी म्हणून सैल राहतो. वरचेवर कापड फिरवायला चालेल, घट्ट चिंधी ढकलायला नाही, जॅग आत राहिला तर काढायला दुपार जाते.

मी शेवटी एक निर्णय घेतला आणि सुखी झालो, माझ्या सगळ्या मोठ्या गजांना एम ५ चं आतलं भोक आणि घरी बनवलेल्या प्रत्येक वस्तूला एम ५ चा स्टड. एम ५ चा टॅप कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतो, भोक ४.२ चं पाडायचं, स्टड म्हणून साधा हेडलेस स्क्रू लॉकटाइट (आटे पक्के धरणारा डिंक) लावून कायमचा बसवायचा. बाहेरून आणलेल्या ब्रशांसाठी दोन अ‍ॅडाप्टर ठेवलेत, बस.

जॅग बनवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात मजेचं काम. .५० साठीचं सांगतो, बाकी मापं तुम्ही आपापली बसवा. १४ मिमीचा पितळी बार घ्या, ४५ मिमी तुकडा कापा. लेथ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आधी एका टोकाला मधोमध ४.२ चं भोक, टॅप मारा, त्यात लांब एम ५ चा स्टड घट्ट बसवा आणि तो स्टड ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा. मशीन हळू स्पीडवर फिरतंय आणि तुम्ही वरून कानस धरलीय, असा तो देशी लेथ. बाह्या वर करा, लोंबणारं काही अंगावर नको, चष्मा घाला, पितळेचा कीस सुईसारखा उडतो. भोक जरा तिरकं गेलं तर तुकडा लटपटतो, मग घाबरू नका, कानस फिरत्या तुकड्याला गोलच करते, फक्त बार थोडा जाडच घेतलेला असावा म्हणून १४ चा सांगितला.

जाडी किती ठेवायची? उंचवट्यांवरचं माप १२.७, चिंधी दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा-अर्धा मिलिमीटर दबून बसते, म्हणजे जॅग ११.७. पण लगेच ११.७ ला जाऊ नका. ११.९ ला थांबा, तुमच्याकडे जे कापड आहे तेच घालून नळीत ढकलून बघा, कमी करणं हातात आहे, वाढवणं नाही. बरोबर जमला की चिंधी एका हाताने, सतत दाबाने जाते, धक्के मारावे लागत नाहीत आणि बाहेर आल्यावर तिच्यावर खाचांचे काळे पट्टे स्पष्ट उमटलेले असतात. पट्टे दिसत नसतील तर चिंधी नुसती उंचवट्यांवरून घसरतेय, खाचा तशाच राहिल्यात. मग त्या जॅगवर तिकोनी कानशीने तीन-तीन मिलिमीटरवर गोल चर पाडा, मिलिमीटरभर खोल, कापड त्यात धरलं जातं. पुढचं टोक बोथट टोकदार करा म्हणजे चिंधी मधोमध टोचून बसते. शेवटी बारीक पॉलिश पेपर, कुठलीही धार राहता कामा नये, अंगठ्याने चाचपून बघा.

पितळेची एक खोड आहे. तांबं काढायच्या अमोनियावाल्या सॉल्व्हंटने पितळही विरघळतं, त्यामुळे चिंधी निळी येतच राहते आणि तुम्हाला वाटतं नळीत अजून तांबं आहे, घासत बसा रात्रभर. मला एकदा असं सलग तीन संध्याकाळी झालं, नळी आरशासारखी आणि चिंधी निळीच्या निळी. शेवटी कोऱ्या चिंधीवर सॉल्व्हंट टाकून ती जॅगला गुंडाळून टेबलावर ठेवली, पाच मिनिटांत निळी! नळीचा संबंधच नव्हता. म्हणून जॅगची दुसरी जोडी डेलरीनची (एक कडक प्लास्टिक) करा, तो कापायलाही सोपा आहे, लोण्यासारखा कापला जातो, फक्त स्टडसाठी आटे थोडे जास्त खोल घ्या. ब्राँझचा ब्रशही याच कारणाने अमोनियात बुडवून ठेवायचा नाही, दोन-चार वेळात टकला होतो. अमोनियावाल्या कामाला नायलॉनचा.

चिंधीचं माप लोक अंदाजाने कापतात आणि मग एकतर सैल नाहीतर ठासून. माझा हिशोब साधा आहे, जॅगची जाडी अधिक जॅगच्या कामाच्या लांबीची दुप्पट. ११.७ चा जॅग, २५ मिमी काम करणारा भाग, म्हणजे साधारण ६० मिमीचा चौकोन, कोपरे कापलेत तर उत्तम. शंभर टक्के कॉटन, जुना टी-शर्ट, बनियन, फ्लॅनेल असेल तर सोन्याहून पिवळं. शिवण, कॉलर, छापील चित्राचा रबरी भाग कापून टाका. पॉलिस्टर ओलावा शोषत नाही, नुसता घसरतो. जुन्या ली-एनफिल्डच्या पुलथ्रूची (चिंधी अडकवून नळीतून ओढायच्या दोरीची) फ्लॅनेलची चिंधी ४ बाय २ इंची असायची, ती .३०३ ची आहे हे लक्षात ठेवा, मोठ्या नळीला तीच घालून "स्वच्छ आली" म्हणणारे बघितलेत मी. घेराचा हिशोब करा ना, .३० च्या नळीचा आतला घेर २४ मिमी, .५० चा ४०. कापडही त्या प्रमाणात लागतं आणि ढकलायचा जोरही.

आणि जोर आला की गज आला. मोठ्या रायफलीला पातळ गज हा शुद्ध वेडेपणा आहे, घट्ट चिंधीवर जोर लावला की तो धनुष्यासारखा वाकतो आणि पोटाने नळीला घासतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ६ मिमीच्या जागी ९ मिमीचा घेतलात की पाचपट ताठ. मोठ्या नळीचा हाच तर फायदा आहे, आत जागा आहे, वापरा. .४५ ला ८ मिमी, .५० आणि वर ९-१० मिमी. अखंड हवा. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे जोडून होणारे गज प्रवासापुरते ठीक, पण त्यांचे सांधे कधी सरळ एका रेषेत येत नाहीत आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये वाळूचे कण रुतून बसतात, मग तो गज नाही राहत, पॉलिश पेपर होतो. लाकडाचंही तेच, शिवाय रेषा तिरकी असेल तर मोडून तिरपं टोक आत अडकतं. स्टेनलेस किंवा पितळेची सरळ सळी घ्या, काचेवर लोळवून बघा, लोळताना खालून उजेड उघडझाप करत असेल तर वाकडी आहे.

लांबी म्हणजे नळी अधिक मागचा रिसीव्हर अधिक वीतभर. २९ इंची नळी, म्हणजे ७३७ मिमी, मागे पाव मीटर रिसीव्हर, तर गज ११५० चा हवा. जुन्या एनफिल्ड ठासणीची नळीच ३९ इंच आहे, तोंडातूनच साफ करायची, तर तिलाही ११५० लागतोच. थोडक्यात एक ११५० चा गज केलात की बहुतेकांचं भागतं.

मूठ फिरती हवी, आणि ही चैन नाही. चिंधीने खाचांबरोबर फिरत गेलं पाहिजे, .५० बीएमजीच्या नळीत साधारण १५ इंचाला एक फेरा, म्हणजे २९ इंचात जवळजवळ दोन फेरे. मूठ घट्ट असेल तर दोनातलं एक होतं, चिंधी खाचा सोडून आडवी घसरते, नाहीतर जॅग गजावरून सुटायला लागतो. हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. उजव्या पिळाच्या नळीत मागून पुढे ढकलताना जॅग मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि साध्या उजव्या आट्यांसाठी नेमकी तीच सुटायची दिशा आहे. ओढताना परत घट्ट होतो. म्हणजे गज मुठीत आवळून ढकलणारा माणूस प्रत्येक फेरीत जॅगला थोडा थोडा उघडत असतो. मूठ बनवणं सोपं आहे, स्केटिंगच्या चाकातलं ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२. दोन बेअरिंग लाकडी मुठीत २२ च्या भोकात दोन टोकांना ठोकून बसवा, गजाचं टोक ८ मिमीला उतरवून एम ८ ची डाय मारा, वॉशर आणि नायलॉक नट. गज ८ चाच असेल तर उतरवायचंही काम नाही, फक्त पुढच्या बाजूला कॉलर लावा म्हणजे ढकलताना सरकणार नाही.

मार्टिनी, स्नायडर, ठासणी यांत मागून सरळ गज जात नाही, तोंडातूनच घालावा लागतो, आणि मग नळीच्या तोंडाची कड सांभाळावी लागते. गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो, ती एका बाजूने झिजली की नेम गेला. त्याला गाइड हवा. डेलरीनचा शंकू, मधोमध गजाहून किंचित मोठं भोक, शंकू तोंडात टेकवायचा, झालं. ते जमत नसेल तर बारा बोअरचं वापरलेलं प्लास्टिकचं रिकामं काडतूस घ्या, उडालेला प्रायमर (बुडातली पेटवणीची टोपी) ठोकून काढा, ते भोक सहा मिलिमीटरचं असतं ते ड्रिलने गजाच्या मापाचं करा. टोपीसारखं नळीवर बसतं, आतून १८-१८.५ मिमी आहे, नळी बारीक असेल तर टेपचे चार वेढे मारून घट्ट करायचं. दिसायला अगदी जुगाड वाटतं, पण कड झिजत नाही. जॅग मात्र गाइडमधून गज घातल्यावर लावायचा, आधी लावलात तर भोकातून जाणार नाही, आणि प्रत्येक वेळी विसरून स्वतःवर चिडाल.

पुलथ्रू करायचा असेल तर पॅराकॉर्ड, ४ मिमीची. .५० साठी पुढचं वजन म्हणून १० मिमी पितळी सळीचा ६० मिमी तुकडा, चाळीस ग्रॅम भरतो, स्वतःच्या वजनाने खाली जातो. कडा गोल करा. दोरीला चिंधीसाठी एक फास, आणि त्याच्या मागेही हातभर दोरी सोडून आणखी एक फास ठेवा. हा मागचा फास कामाचा आहे, चिंधी अडकली तर उलट्या बाजूने ओढता येते. दोरी तोंडाच्या कडेवर घासून ओढायची नाही, सरळ रेषेत ओढायची, आणि दोरी मळली की धुवायची, नाहीतर तीच करवतीचं काम करते.

तर आता ते अडकलेलं फडकं. .५७७ होती, जॅग नव्हता, लहान मापाच्या जुन्या ब्रशला फ्लॅनेल गुंडाळून चालवत होतो, ही युक्ती तशी वाईट नाही, झिजलेले ब्रश त्यासाठीच जपून ठेवावेत. त्या दिवशी एक वेढा जास्त झाला. अर्ध्या नळीपर्यंत गेलं आणि थांबलं. ना पुढे ना मागे. मी ओढलं, तर आटे सुटून गज हातात आणि ब्रश फडक्यासकट आत. पहिला विचार मनात येतो तो सगळ्यांच्या येतो आणि तोच घातकी आहे, एक बार टाकून उडवून लावू. नाही, कधीच नाही, नळीत अडथळा असताना बार म्हणजे नळी फुटणं. मी दोन्ही बाजूंनी पातळ तेल ओतलं, नळी उभी करून रात्रभर ठेवली, सकाळी तोंडाच्या बाजूने १२ मिमीची पितळी सळी, टोक सपाट, तोंडात गाइड, आणि लाकडी हातोडीने छोटे छोटे ठोके. विसाव्या ठोक्याला हललं. तेव्हापासून नियम, कुठलीही नवी चिंधी आधी चार बोटं आत घालून बाहेर ओढून बघायची, तिथे जड गेली तर आत जाऊच द्यायची नाही. आणि ब्रश नळीच्या मधे असताना दिशा बदलायची नाही, पूर्ण बाहेर काढून मगच मागे.

पातळ द्रव्यांबद्दल थोडक्यात. मोठ्या बोअरच्या जुन्या रायफलीत काळी दारू चालते, आणि तिचा मळ तेलाने नाही, पाण्याने निघतो. सगळी महागडी सॉल्व्हंटं बाजूला ठेवा, गरम पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. मार्टिनीसाठी फनेलला रबरी नळी लावून चेंबरमध्ये खोचा आणि तोंड खाली करून ओता, खाली बादली. ठासणीची निपल (टोपी बसते तो छोटा पोकळ स्क्रू) काढून त्या आट्यांत जुन्या निपलला ट्यूब जोडून बसवलीत की ट्यूबचं दुसरं टोक बादलीत, आणि गज वर-खाली केला की पंपासारखं पाणी ओढलं-सोडलं जातं. हे बघायला भारी वाटतं, पहिल्यांदा शाईसारखं काळं आणि सडक्या अंड्याचा वास. जुन्या क्लोरेट प्रायमरचं काडतूस असेल तरी पाणीच, कारण त्यातून उरतं ते मीठ आणि मीठ तेलात विरघळत नाही. नंतर कोरड्या चिंध्या, चिंधी कोरडी आली की आणखी दोन, मग तेल, आणि दुसऱ्या दिवशी परत एक तेलाची चिंधी फिरवून रंग बघा, तांबूस आली तर आदल्या दिवशी कोरडं नीट झालं नव्हतं.

बिनधुराच्या दारूसाठी घरगुती मिश्रण म्हणून एटीएफ (गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल), रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन आणि अ‍ॅसिटोन समभाग चालतं, काजळी छान काढतं. तांबं काढत नाही, मीठ काढत नाही. दस्त्याच्या पॉलिशवर पडलं तर पॉलिश जातं, आणि पेट घेतं, तेव्हा मोकळ्या हवेत, धातूच्या नाहीतर एचडीपीई प्लास्टिकच्या डब्यात, लेबल लावून. शिसं काढायला व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचा प्रयोग कोणी सांगितला तर करू नका, त्यातून विरघळणारं विषारी शिसं तयार होतं, हाताला लागतं आणि कळतही नाही. शिशाला ब्राँझच्या जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे दोन-तीन धागे गुंडाळा, शुद्ध तांब्याची हवी, चुंबक लावूनच, पापुद्रे निघून येतात. हातमोजे घाला, चिंध्या वेगळ्या पिशवीत, आणि अमोनियाच्या आसपास ब्लीचची बाटली कधीच नको.

सामान ठेवायला मी पीव्हीसीचा पाइप वापरतो, ४० मिमीचा, दोन्ही बाजूंना झाकणं, आत गज. ब्रश आणि जॅग वेगळ्या डब्यात, प्रत्येकाच्या बुडावर मार्करने मिलिमीटर लिहिलेले. रायफलीचं नाव नाही लिहीत, एका ११.७ च्या जॅगवर तीन रायफली चालतात, कुणाकुणाचं लिहिणार.